रेडिओ सेशनचे अल्बम: टेप कुठून आली ते आधी बघा

जुन्या रॉक बँडांनी रेडिओसाठी वाजवलेली गाणी पुढे अल्बम म्हणून निघाली, त्यांच्याविषयीच्या पत्रांमधून या वेळचे प्रश्न घेतले आहेत. बऱ्याच पत्रांत लेड झेपलिन या ब्रिटिश बँडच्या बीबीसी अल्बमचा उल्लेख आहे, म्हणून उदाहरणंही जास्त तिथलीच.

प्रश्न: झेपलिनचे सगळे स्टुडिओ अल्बम माझ्याकडे आहेत. त्याच गाण्यांचं रेडिओवरचं मुद्रण (रेकॉर्डिंग) वेगळं घेण्यासारखं त्यात काय असतं? आणि रेकॉर्ड बाजारात मिळत असताना बीबीसी तीच गाणी पुन्हा वाजवून का घेत होती?

आधी दुसरा प्रश्न घेऊ, कारण पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं. ब्रिटनमध्ये रेकॉर्ड कंपन्यांची संघटना, वादकांची युनियन आणि बीबीसी यांच्यातल्या करारांमुळे रेडिओवर बाजारातल्या रेकॉर्ड किती वेळ वाजवायच्या यावर मर्यादा होती. याला ‘नीडल टाइम’ म्हणत. साठच्या दशकात हा वेळ दिवसाला जेमतेम पाच तासांचा होता. रेकॉर्ड फार वाजल्या तर वादकांचं काम जाईल, ही युनियनची भीती. उरलेला वेळ भरायचा तर बँडला स्टुडिओत बोलवून वाजवून घेणं आलंच. ३० सप्टेंबर १९६७ला बीबीसीचं रेडिओ वन सुरू झालं तेव्हाही ही मर्यादा होती आणि ती उठली थेट १९८८मध्ये. म्हणजे ‘सेशन’ हा प्रकार कुणाच्या कलात्मक हौसेतून आलेला नाही, तो कराराच्या अडचणीतून आला. रेडिओ वनचा निवेदक जॉन पील, एकट्या त्याच्या कार्यक्रमांसाठी चार हजारांहून जास्त सेशन झाली.

आता त्यात असतं काय? दुपारी बँड यायचा, वाद्यं मांडायची, आवाज जुळवायचे आणि काही तासांत चार-पाच गाणी टेपवर उतरवून निघायचं. १९६९चं सेशन मोनोत (डाव्या-उजव्या बाजूला एकच आवाज) होई आणि बराचसा तोल वाजवतानाच ठरे. नंतर एकेक वाद्य वेगळं काढून दुरुस्त करायची सोय नव्हती. वरून एखादी गिटार चढवायचीच असेल तर पहिली टेप वाजवत, त्यात नवं वादन मिसळत, सगळं दुसऱ्या मशीनवर उतरवावं लागे. दर उतारणीला खरखर वाढायची, म्हणून हे जपून करत. २४ जून १९६९ला मेडा व्हेल स्टुडिओत झालेलं ‘ट्रॅव्हलिंग रिव्हरसाइड ब्लूज’ ऐका. जिमी पेजच्या गिटारी एकावर एक चढवलेल्या स्पष्ट कळतात. हे गाणं बँडच्या त्या काळच्या एकाही अल्बमवर नाही. ते रेडिओसाठीच झालं आणि बाजारात यायला १९९०चा बॉक्स सेट उजाडला.

दुसरं कारण काळाचं. १ एप्रिल १९७१ला लंडनच्या पॅरिस थिएटरमध्ये (नाव पॅरिस असलं तरी ते लंडनच्या लोअर रीजंट स्ट्रीटवर होतं) झेपलिननं श्रोत्यांसमोर ‘स्टेअरवे टू हेवन’ वाजवलं. ज्या अल्बमवर ते आहे तो ८ नोव्हेंबरला आला. रेडिओ लावून बसलेल्यांना त्या गाण्याचं नावही ठाऊक नव्हतं. त्या मुद्रणात सुरुवातीला टाळ्या नाहीत, ओळखीचा आवाज उठत नाही. अल्बम आल्यानंतरच्या मैफलींच्या मुद्रणांत तो असतो. नुसत्या या शांततेसाठी तो ट्रॅक ऐकावा.

प्रश्न: १९९७चा दोन सीडींचा ‘बीबीसी सेशन्स’ घ्यावा की २०१६चा तीन सीडींचा ‘कम्प्लीट’? तिसऱ्या सीडीचा आवाज खराब आहे अशी तक्रार ऐकली.

आज नव्यानं घेणार असाल तर २०१६चा. जुना आधीच असेल तर तिसऱ्या सीडीपुरता विचार करा. तिच्यावर आधी अधिकृतपणे न निघालेली आठ मुद्रणं आहेत.

तक्रार खरी आहे, पण ती सगळ्या सीडीला लागू नाही. शेवटची तीन गाणी, म्हणजे ‘आय कान्ट क्विट यू बेबी’, ‘यू शुक मी’ आणि ‘सनशाइन वुमन’, मार्च १९६९मध्ये ब्लूज वादक ॲलेक्सिस कॉर्नरच्या, बीबीसीच्या वर्ल्ड सर्व्हिसवरच्या कार्यक्रमासाठी झाली. बीबीसीकडची मूळ टेप राहिली नाही. जे उरलं ते एका श्रोत्यानं रेडिओवरून घरी टेप केलेलं. वर्ल्ड सर्व्हिस ज्या एएम लहरींवर लागे, त्यांवर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं काही पोचतच नाही. झांजांची झळाळी, गिटारच्या तारेवर बोटं घासल्याचा आवाज, ‘स’ आणि ‘श’ची धार हे सगळं त्याच्या वर असतं. जे टेपपर्यंत आलंच नाही ते कुठल्याही मास्टरिंगनं (सीडी काढण्याआधी आवाजावर फिरवलेला शेवटचा हात) आणता येत नाही. म्हणून इथे आवाज वाढवून ऐका, ट्रेबल वाढवू नका. ट्रेबल चढवलात तर फक्त खरखर वर येईल. ‘सनशाइन वुमन’चं बँडकडून झालेलं दुसरं अधिकृत मुद्रण नाही, त्यामुळे हा डागाळलेला फोटो ठेवायचा की काहीच नाही, एवढीच निवड होती. ठेवला हे योग्यच झालं.

१९९७च्या अल्बमबद्दल आमची खरी कुरकुर क्रमाविषयी आहे. पहिल्या सीडीवर गाणी तारखेनं लागत नाहीत. ३ मार्चच्या गाण्यांच्या मध्येच १६ जूनचं ‘कम्युनिकेशन ब्रेकडाउन’ येतं. हे गाणं त्या सीडीवर तीनदा आहे, १६, २४ आणि २७ जूनचं. एकामागून एक लावून ऐका. अकरा दिवसांत सोलो कसा बदलत गेला ते कळतं. २७ जूनचं मुद्रण प्लेहाउस थिएटरमध्ये श्रोत्यांसमोर झालं आणि १० ऑगस्टला लागलं. समोर माणसं आहेत हे बँडच्या वाजवण्यात ऐकू येतं. तेव्हा आपल्या प्लेअरमध्ये तारखेनुसार यादी करा: ३ मार्च, १६ जून, २४ जून, २७ जून आणि मग पॅरिस थिएटर. हाच अल्बम वेगळा वाटेल.

प्रश्न: हेडफोनवर १९६९ची सगळी गाणी डोक्याच्या मधोमध ऐकू येतात. सीडी सदोष आहे का?

नाही. ती मुद्रणं मोनोच आहेत, १९७१ची मैफल स्टिरिओ आहे. मात्र एक तपासणी करून बघा. संगणकावर एक ट्रॅक घ्या, डावी-उजवी बाजू वेगळी करा, एका बाजूचं तरंगचित्र वरचं खाली असं उलटं (इन्व्हर्ट) करा आणि दोन्ही एकत्र मिसळा. पूर्ण शांतता आली तर मोनो खरा. वरच्या स्वरांचा पातळ, फिरता आवाज उरला तर मोनो टेप स्टिरिओ हेडवर (मशीनचा टेप वाचणारा भाग) किंचित तिरकी वाचली गेली आहे. अशा वेळी दोन बाजू एकत्र करू नका, झांजा बोथट होतात. चांगली वाटेल ती एकच बाजू दोन्हीकडे लावा. प्रतिध्वनी उरला तर कुणीतरी मोनोवर खोटा स्टिरिओ चढवला आहे. जुन्या बिनपरवाना रेकॉर्डींत हे फार दिसतं.

प्रश्न: बीबीसीसारख्या संस्थेनं टेपा पुसल्याच कशा? आणि मग चाळीस-पन्नास वर्षांनी ‘हरवलेलं’ सेशन सापडतं कुठून?

सेशनची टेप त्या काळी ठेवा नव्हती, सामान होती. करारानुसार ती ठरावीक वेळाच प्रक्षेपित करता येई, त्यापुढे वादकांना पुन्हा मानधन. प्रक्षेपणं संपली की टेप बिनकामाची, आणि कोरी टेप महाग. म्हणून पुसून पुन्हा वापरायची. हा निर्णय कुणी खलनायकानं घेतला नाही, तो कोठारातला रोजचा व्यवहार होता. त्याचं नुकसान मात्र भरून न येणारं आहे.

बीटल्सचंच घ्या. १९६२ ते १९६५ या काळात ते बीबीसी रेडिओच्या ५२ कार्यक्रमांत आले, ८८ वेगवेगळी गाणी मिळून २७५ वेळा वाजवली. ‘लाइव्ह ॲट द बीबीसी’ ३० नोव्हेंबर १९९४ला निघाला तेव्हा त्यातली ५६ गाणी आली. त्या २७५ वादनांपैकी काहींची मुद्रणं कधी मिळालीच नाहीत.

सापडतात ती तीन ठिकाणांहून. एक, बीबीसीच्या ट्रान्स्क्रिप्शन विभागाच्या तबकड्या. परदेशी केंद्रांना कार्यक्रम पुरवण्यासाठी त्या मोजक्या संख्येनं छापत आणि मुदत संपल्यावर नष्ट करायला सांगत. सगळ्यांनी ऐकलं नाही, हे आपलं भाग्य. त्यांचा आवाज उत्तम असतो, फक्त गाण्याच्या पहिल्या सुरांवर निवेदक बोलत असतो. अधिकृत सीडीवर गाणं निवेदकाच्या शब्दांनी सुरू झालं तर मूळ अशी तबकडी असण्याचा संभव मोठा. दोन, निर्मात्यांनी आणि तंत्रज्ञांनी स्वतःपुरत्या काढून ठेवलेल्या प्रती. आणि तीन, घरोघरी रेडिओला टेपरेकॉर्डर लावून बसलेले श्रोते.

प्रश्न: माझ्या मामांनी सत्तरच्या दशकात लंडनमध्ये असताना रेडिओवरून टेप केलेली चार रिळं मिळाली आहेत. एकावर ‘रेडिओ वन, १९७३’ लिहिलंय. वाजवून बघितलं तर गाण्यांची पट्टी चढी लागते आणि उजव्या बाजूला उलटं बोलणं ऐकू येतं. नीट उतरवून कसं घ्यावं?

पुन्हा वाजवू नका, आधी रीळ बघा. उजेडासमोर आडवं धरलं आणि टेपच्या थरांतून उजेड आरपार दिसला तर ती ॲसिटेट या जुन्या प्लास्टिकची आहे. ती वाळून ठिसूळ होते, पण तुटली तर सरळ तुटते, म्हणून जोडता येते. उजेड येत नसेल तर बहुधा पॉलिस्टर. ती ताणली जाते आणि ताणलेला भाग परत येत नाही. व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ते रीळ पहिलं उतरवा, कारण ते दिवसेंदिवस खराबच होणार. टेप ओव्हनमध्ये भाजण्याचा उपाय तुमच्या कानावर आला असेल. तो सत्तरच्या दशकाच्या मध्यानंतरच्या, पाठीवर काळा लेप असलेल्या आणि चिकट झालेल्या टेपांसाठी आहे. ॲसिटेट भाजली तर वाकडी होऊन कायमची गेली.

जोरात पुढे-मागे फिरवू नका. एकदा साध्या वेगानं पूर्ण वाजू द्या, म्हणजे गुंडाळी सैल-घट्ट असेल ती सारखी होईल. जुने जोड वाटेत सुटतील, ते टेप जोडायच्या खास पट्टीनंच पुन्हा करा. साधी चिकटपट्टी वापरली तर तिचा गोंद पाझरून शेजारच्या थरांना लागतो.

उलटं बोलणं येतं त्याचं कारण हेड. घरगुती मोनो मशीन टेपची वरची अर्धी रुंदी एका बाजूसाठी आणि खालची अर्धी दुसऱ्या बाजूसाठी वापरे. तुमचं स्टिरिओ मशीन रुंदीचे चार भाग करून पहिला आणि तिसरा वाचतं. तिसरा भाग म्हणजे मामांची दुसरी बाजू, ती उलटीच येणार. टेप बिघडलेली नाही. फक्त डावी बाजू घ्या, उजवी टाकून द्या. अर्ध्या रुंदीचं हेड असलेलं मशीन मिळालं तर आवाज आणखी भरीव येईल.

हेड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. मग हेडचा तिरकेपणा जुळवायचा स्क्रू अगदी थोडा-थोडा फिरवत खरखर सर्वांत चुरचुरीत ऐकू येईल तिथे थांबवा. संगीताकडे लक्ष देऊ नका, खरखरीकडे द्या, ती जास्त खरं सांगते. प्रत्येक रिळाला हे पुन्हा करावं लागतं. मुद्रण २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर घ्या आणि सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास ठेवा. ही फाइल तशीच जपून ठेवा. पुढचं सगळं काम तिच्या प्रतीवर.

आता पट्टी. गिटारवरून वेग ठरवू नका, बँड आपापसांत जुळवून पाव स्वर वर-खाली असू शकतो. रेडिओच्या टेपवर त्याहून पक्का पुरावा असतो: वेळ कळवण्यासाठी तासाला वाजणारे ग्रीनिचचे सहा ठोके (पिप). ते बरोबर एकेक सेकंदानं येतात. तरंगचित्रात पहिल्या ठोक्याच्या सुरुवातीपासून सहाव्याच्या सुरुवातीपर्यंत मोजा. ५ सेकंद यायला हवेत. तुमच्याकडे समजा ४.८९० आले, तर ४.८९० भागिले ५ म्हणजे ०.९७८. वेग २.२ टक्क्यांनी कमी करायचा. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी वेग आणि पट्टी एकत्र बदलणारं साधन घ्या. नुसता टेम्पो बदलणारं नको, त्यानं गाणं हळू होतं पण पट्टी चढीच राहते. १९७२पासून सहावा ठोका लांब असतो, आधी सगळे सारखे आखूड होते. १९७३ लिहिलेल्या रिळावर शेवटचा ठोका आखूड निघाला तर लेबलवरच्या सालाबद्दल शंका घ्या.

ठोके नसतील तर विजेची भुणभुण शोधा. दोन गाण्यांमधला शांत तुकडा निवडून त्याचा वर्णपट (कोणत्या वारंवारतेला किती आवाज आहे त्याचं चित्र) काढा. ब्रिटनची वीज ५० हर्ट्झची, म्हणून १०० किंवा २५० हर्ट्झला उंचवटा हवा. तो १०२.३ला दिसला तर टेप २.३ टक्के जोरात आहे. शक्यतो २५०चा उंचवटा मोजा, तिथे मोजणीतली चूक लहान पडते. त्याआधी टेप थांबवून नुसतं मशीन चालू ठेवा आणि त्याची स्वतःची भुणभुण कुठे दिसते ते टिपून ठेवा, नाहीतर तीच मोजून बसाल. विजेची वारंवारताही थोडी हलते, त्यामुळे हा हिशेब अर्ध्या टक्क्यापर्यंतच भरवशाचा.

आणि एकाच आकड्यावर सगळं रीळ सुधारू नका. जुन्या घरगुती मशीनवर रीळ भरलेलं असताना आणि रिकामं होत आलेलं असताना ओढ वेगळी असते. सुरुवात, मध्य आणि शेवट तिन्हीकडे मोजा.

खरखर कमी करायचा मोह आवरा. थोडी घालवली तर चालतं, पण झांजा पाण्याखाली वाजल्यासारख्या होऊ लागल्या की समजा तुम्ही संगीत खायला लागलात. निवेदकाचं बोलणं कापू नका. कार्यक्रम कोणता आणि कधीचा, हे बहुतेक वेळा त्याच्याच तोंडून कळतं.

प्रश्न: ‘एफएम ब्रॉडकास्ट’ असं लिहिलेल्या स्वस्त सीडी ऑनलाइन दिसतात. त्या अधिकृत असतात का?

बहुतेक नसतात. रेडिओ सेशन रीतसर काढायचं तर प्रसारण संस्थेचा परवाना, बँडची संमती आणि बँड ज्या कंपनीशी बांधलेला आहे तिचीही संमती लागते, गीतकार-संगीतकारांचं मानधन वेगळं. युरोपात प्रक्षेपणावरचा हक्क पहिल्या प्रक्षेपणानंतर ५० वर्षांनी संपतो, त्याचा आडोसा घेऊन या सीडी निघतात. वेष्टनावर बघा: बँडच्या नेहमीच्या कंपनीचं नाव नाही, परवान्याची ओळ नाही, मुद्रणाची तारीख मोघम. मग समजून जा.

घेऊन झाली असेल तर वर्णपट पाहा. १५ किलोहर्ट्झच्या वर आवाज संपतो आणि १९ला एक बारीक सरळ रेघ दिसते, तर मूळ खरंच एफएम स्टिरिओ प्रक्षेपण आहे. ती रेघ प्रक्षेपणातल्या खुणेच्या स्वराची. १६ला कुऱ्हाडीनं तोडल्यासारखा कापलेला दिसला आणि रेघ नाही, तर कुणाची तरी एमपीथ्री फाइल सीडीवर चढवलेली असण्याचीच शक्यता जास्त.

अधिकृत अल्बमही तपासून घ्यावेत. ‘बोवी ॲट द बीब’च्या २०००च्या पहिल्या छपाईत ‘झिगी स्टारडस्ट’चं एकच मुद्रण चुकून दोनदा आलं होतं. जुनी प्रत घेताना ते दोन्ही ट्रॅक लावून पाहा.

प्रश्न: झेपलिन नको. या प्रकाराची सुरुवात एकाच अल्बमनं करायची तर कोणता?

द स्मिथ्सचा ‘हॅटफुल ऑफ हॉलो’, नोव्हेंबर १९८४चा. सोळा गाणी, बरीचशी १९८३मध्ये जॉन पील आणि डेव्हिड जेन्सन यांच्या कार्यक्रमांसाठी झालेली. ‘रील अराउंड द फाउंटन’ आधी इथलं ऐका आणि मग फेब्रुवारी १९८४च्या पहिल्या अल्बमवरचं. आम्हाला रेडिओवरचं सरस वाटतं, त्यात बँड एका खोलीत आहे.

प्रश्न: फाइलींना तारीख मुद्रणाची द्यावी की प्रक्षेपणाची?

दोन्ही, पण नावात आधी मुद्रणाची. पॅरिस थिएटरची मैफल १ एप्रिल १९७१ला झाली आणि ४ एप्रिलला लागली. एकाच्या यादीत एक तारीख आणि दुसऱ्याच्या यादीत दुसरी असली की एकच मैफल दोन वेगळ्या मैफली म्हणून फिरायला लागते. वर्ष-महिना-दिवस असा क्रम ठेवला की यादी आपोआप काळानुसार लागते. त्यापुढे जागा, मग कार्यक्रम, आणि शेवटी मूळ काय ते: मास्टर टेप, ट्रान्स्क्रिप्शन तबकडी की घरची टेप. वेग किती टक्के बदलला तोही आकडा तिथेच लिहा, म्हणजे उद्या कुणाला जास्त पक्की मोजणी मिळाली तर तुमच्या मूळ फाइलीवरून पुन्हा करता येईल.